कार्डात बाबा नाहीत

पनवेल, आषाढ, रविवार संध्याकाळ

प्रिय बाळ्या,

बाबांच्या औषधांच्या पिशवीत तू ते कार्ड पाठवलंस. प्लास्टिकची डबी, डबीला रबर, रबराखाली चिठ्ठी: ‘ताई, यात बाबांचं सगळं आहे. नवीन जीपीएसमध्ये टाकून दे.’ डबी उघडल्यावर एक गोष्ट तर लगेच कळली. जुनं कार्ड पोस्टाच्या मोठ्या तिकिटाएवढं, आणि नव्या यंत्राची खाच नखाएवढ्या मायक्रोएसडीची. बसणारच नाही. पण मला घाम फुटला तो दुसऱ्याच कारणाने. त्या कार्डात बाबांचं काहीही नव्हतं.

कार्डात होता विकत घेतलेला समुद्राचा नकाशा. किनाऱ्याची रेघ, पाण्याची खोली, दीपगृहं, बोये. बाबांनी सत्तावीस वर्षं समुद्रात जाऊन एकेक करून घातलेल्या खुणा यंत्राच्या स्वतःच्या पोटात होत्या, आणि ते यंत्र तू बदलीत देण्यासाठी दुकानात ठेवून आला होतास. म्हणून त्या रात्री तुझ्यावर ओरडले. आवाज चढवायला नको होता, त्याचं वाईट वाटतं. तू सकाळी पहिल्या गाडीने अलिबाग गाठलंस आणि यंत्र परत आणलंस, एवढ्यावर सगळं निभावलं. अजून दोन दिवस गेले असते तर ते पुसून पुढे गेलं असतं.

हे पत्र मी उघडं लिहितेय ते यासाठीच. थळ-नवगावपासून खाली श्रीवर्धन-भरडखोलपर्यंत कितीतरी घरांत पावसाळी मासेमारीबंदीच्या या दोन महिन्यांत असंच एखादं यंत्र फळीवर पडलेलं असेल. होडी किनाऱ्यावर ओढलेली, जाळी दुरुस्तीला काढलेली, मुलगा नवं यंत्र घेऊन आलेला, आणि जुनं भंगारात किंवा बदलीत जायच्या वाटेवर. त्यांच्यापैकी कोणी हे वाचून हात आवरला तर बरं.

आधी नकाशाचं सांगते, कारण ते थोडक्यात आटपतं. तो नव्या यंत्रात आणायचा नाही. विकतचे नकाशे कार्डाला किंवा यंत्राला कुलूपबंद केलेले असतात. फाइल उचलून दुसऱ्या कार्डावर ठेवली तरी उघडत नाहीत. आणि उघडला असता तरी काय? त्यावर मांडव्याची रो-रो नाही, शिवडी-न्हावा अटल सेतू नाही. नकाशा जुना झाला की नवा घ्यावा. खाडीच्या तोंडावरची वाळू तर दर पावसाळ्यात जागा बदलते, तिच्या बाबतीत कुठल्याच नकाशावर विसंबू नकोस. नव्या यंत्रात नवा नकाशा मी घातलाय. कार्ड बत्तीस जीबीचं घेतलं, कारण अशी यंत्रं त्याहून मोठी कार्डं पुष्कळदा वाचत नाहीत.

खुणांचं मात्र सविस्तर सांगायला हवं.

जुन्या यंत्राला गोल पिनांची केबल लागते आणि तिचं दुसरं टोक ज्या सीरियल पोर्टात जायचं तो आताच्या संगणकाला नसतो. मध्ये जोडणी लावावी लागली. पहिल्या संध्याकाळी काहीच हाललं नाही. दुसऱ्या संध्याकाळी यंत्र मध्येच बंद पडलं. त्याचे सेल नवे घालून, केबल हाताने दाबून धरून, तिसऱ्या संध्याकाळी जीपीएसबॅबेल नावाच्या फुकट मिळणाऱ्या प्रोग्रामने चारशे बारा खुणा बाहेर काढल्या. त्या आता जीपीएक्स प्रकारच्या फाइलमध्ये आहेत. हा प्रकार २००२ पासून चालत आलाय आणि जवळजवळ प्रत्येक कंपनीचं यंत्र तो वाचतं. पुढचं यंत्र दुसऱ्या कंपनीचं घेतलंस तरी बहुधा हीच फाइल चालेल.

तिथे थांबले असते तर तुला दुसऱ्या दिवशीच पार्सल मिळालं असतं. पण पडद्यावर जे उमटलं ते वाचताच येईना. बाबांनी नावं टाकली ती रोमन अक्षरांत, जागा कमी म्हणून स्वर गाळून. ‘के एच डी पी ३’. ‘जे एल जी एल’. मी एकेक नाव मोठ्याने वाचायला लागले. बाबा मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर डोळ्यावर हिरवी पट्टी बांधून पलंगावर बसलेले. के एच डी पी म्हणजे खडप. जे एल जी एल म्हणजे ‘जाळं गेलं’. तसल्या खुणा अकरा आहेत, बाळ्या. अकरा वेळा त्या माणसाचं जाळं फाटलं किंवा तुटलं, आणि प्रत्येक वेळी पहिलं काम त्याने केलं ते बटण दाबून जागा नोंदवण्याचं.

एका संध्याकाळी तीस-चाळीस खुणा व्हायच्या. कुठे मांदेली, कुठे थंडीत घोळ, कुठे उधाणाला नांगर टाकू नये, कुठे भांगाच्या दिवसांत पाणी इतकं मंद की डोल नीट उघडत नाही. मी वहीत लिहीत गेले. नव्या यंत्राला मराठी नावं जमत नाहीत, म्हणून यंत्रात रोमन नाव आणि क्रमांक, आणि त्याच क्रमांकापुढे वहीत सगळी हकिकत. वही पार्सलात आहे. यंत्र हरवलं तर परत घेता येईल. वहीला पाणी लागू देऊ नकोस.

तुला आठवते ती आणखी एक वही, हिरव्या पुठ्ठ्याची, देव्हाऱ्याच्या खाली असायची? ती बाबांनी ऑपरेशनसाठी माझ्याकडे येताना आणली होती, मला न सांगता, उशीखाली ठेवलेली. तिच्या पुढच्या अर्ध्या भागात आजोबांनी सांगितलेल्या खुणा आहेत, जीपीएसच्या आधीच्या. एक वाचून दाखवते: खांदेरीचा दिवा आणि कनकेश्वराचा डोंगर एका रेषेत धरायचे, कुलाबा किल्ला कोर्लईच्या डोंगराच्या डावीकडे एक मूठ सुटा दिसला पाहिजे, सहा वाव पाणी. एवढंच. हात लांब करून धरलेली मूठ साधारण दहा अंशांची असते, हे मी वर्गात मुलांना शिकवते. आजोबांना अंश माहीत नव्हते. मी ती जागा कागदावर मांडून पाहिली. दोन रेषा खांदेरीच्या पश्चिमेला एकमेकींना छेदतात, आणि बाबांच्या यंत्रातली एक खूण अगदी त्याच्या जवळ पडते. मी बाबांना विचारलं, तर म्हणाले, आजोबांच्या खुणेवर होडी उभी करूनच बटण दाबलं होतं.

म्हणजे एकदा ही बदली घरात झालेली आहे. डोंगरांवरून यंत्रावर. आणि तेव्हा ती जागेवर जाऊन, पडताळून झाली होती.

बरं झालं बाबांनी ती केली. आजोबांच्या खुणांमध्ये ताडाची जोडी आहे, एक मोठं उंडीचं झाड आहे. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळाने आपल्या किनाऱ्यावरची काय झाडं शिल्लक ठेवली ते तू पाहिलंस. त्या खुणा आता कोणाला कधीच धरता येणार नाहीत. डोंगर आणि दीपगृह राहिले. खांदेरीचा दिवा १८६७ पासून तिथे आहे. म्हणून जुनं ते चांगलं असं मी म्हणत नाही, हे लक्षात घे. जुन्या खुणाही मरतात.

आता चुका सांगते. यातली पहिली तुझ्या होडीखालचा खडक सहाशे मीटर सरकवू शकते.

हिरव्या वहीच्या मागच्या अर्ध्या भागात यंत्रावरचे आकडे उतरवलेले आहेत, पहिल्या यंत्राच्या वेळचे. ते यंत्र बिघडलं तेव्हा त्यातल्या खुणा दुसऱ्या यंत्रात हाताने भरल्या होत्या, आणि काही राहून गेल्या होत्या. त्या मला आता घालायच्या होत्या. आकडा असा: १८ ४२ ५०. याचा अर्थ काय? अठरा अंश, बेचाळीस मिनिटं, पन्नास सेकंद? की अठरा अंश आणि बेचाळीस पूर्णांक पन्नास शतांश मिनिटं, म्हणजे साडेबेचाळीस? पहिला अर्थ धरला तर पन्नास सेकंद, दुसरा धरला तर तीस. फरक वीस सेकंदांचा. अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल, १८५२ मीटर, तेव्हा वीस सेकंद म्हणजे सहाशे मीटरांहून जास्त. बाबांना आठवेना. मी पानं उलटत बसले आणि एका ओळीत शेवटचा आकडा ८७ दिसला. सेकंद ५९ च्या पुढे जात नाहीत. म्हणजे त्या पानावरचे आकडे दशांश मिनिटांतले होते. पुढच्या सहा पानांवर ५९ च्या वरचा एकही आकडा नाही, तिथे मात्र बाबांनी मध्ये सेटिंग बदललं असावं. त्या पानांवरच्या खुणांपुढे मी लाल फुली केली आहे. त्या यंत्रात आहेत, पण जागेवर जाऊन खात्री केल्याशिवाय त्यांच्यावर विश्वास टाकू नकोस.

दुसरी गोष्ट यंत्रांच्या पायाची. पृथ्वीचा आकार कुठल्या मापाने धरला यावर आकडे बदलतात. आताची सगळी यंत्रं डब्ल्यूजीएस-८४ हे माप धरतात. भारताचे जुने नकाशे एव्हरेस्टच्या मापावर काढलेले असायचे. तेच आकडे एका मापातून दुसऱ्यात तसेच उचलले तर आपल्या भागात शंभरेक मीटरांचा घोळ होतो. दोन्ही यंत्रांत मी हे सेटिंग तपासलंय, सारखं आहे. चुकून कोणी बदललं तर सगळ्याच खुणांचे आकडे एकाच दिशेला सारखेच सरकतील, ही त्याची ओळख.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात जास्त आवडली. खांदेरीच्या पलीकडे एका जागी जाळं अडकतं. खडक आहे की बुडालेलं काही, कोणी पाहिलं नाही. बाबांनी तिची खूण तीनदा घातली आहे: १९९९, २००६ आणि २०१७. शेवटच्या दोन एकमेकींपासून बारा मीटरांवर. पहिली त्यांच्यापासून ऐंशी मीटर लांब. मला वाटलं, पहिल्या वेळी घाईत बटण उशिरा दाबलं असेल. मग तारीख पाहिली. २ मे २००० च्या आधी अमेरिका सामान्य लोकांच्या जीपीएसमध्ये मुद्दाम चूक मिसळत असे, आणि त्या काळात जागा शंभर मीटरांपर्यंत हलू शकत असे. त्या रात्री राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांच्या हुकमाने ती चूक बंद झाली. थळच्या एका तांडेलाच्या यंत्रात तो हुकूम असा, ऐंशी मीटरांच्या अंतराने, नोंदलेला आहे. म्हणून २००० च्या आधीच्या खुणांना वेगळा रंग दिलाय.

मी म्हटलं, पहिली पुसून टाकू का? बाबा म्हणाले, “दगड काय टिंबाएवढा असतो काय गं? राहू दे तिन्ही.” मी वाद घातला, सिग्नलची चूक वेगळी आणि दगडाचा आकार वेगळा असं समजावलं. त्यांनी ते ऐकून घेतलं आणि पुन्हा म्हणाले, राहू दे. रात्री अंथरुणावर पडल्यावर त्यांचं म्हणणं पटलं. जाळं होडीच्या मागे किती ओढलं गेलंय, पाणी कुठल्या दिशेला धावतंय, यावर अडकण्याची जागा बदलणारच. टिंब फसवं. तिन्ही खुणा ठेवल्या आहेत आणि त्यांच्याभोवती शंभर मीटरांचं धोक्याचं वर्तुळ आखलंय. होडी त्यात शिरली की यंत्र वाजेल.

आणखी एक. जुनं यंत्र तारीख चुकीची दाखवतं म्हणून तू त्याला बिघडलेलं समजलास. ते बिघडलेलं नाही. जीपीएसची मूळ यंत्रणा आठवडे मोजते आणि १०२४ आठवड्यांनंतर पुन्हा शून्यावर येते. एप्रिल २०१९ मध्ये तसं झालं, तेव्हापासून काही जुनी यंत्रं वीसेक वर्षं मागे गेली. जागा बरोबर सांगतात, दिवस चुकीचा. फक्त त्यातलं भरती-ओहोटीचं पान अजिबात बघू नकोस, कारण ते तारखेवरून हिशोब करतं.

आता मुख्य मागणं. जुनं यंत्र या हंगामात होडीवरून काढू नकोस. का, ते सांगते.

मागच्या वर्षी मी वर्गाला अलिबागची चुंबकीय वेधशाळा दाखवायला नेलं होतं. आपण लहानपणापासून तिच्यावरून जात आलो, आत काय चालतं हे कधी विचारलं नाही. मुंबईच्या कुलाब्यात ईस्ट इंडिया कंपनीच्या काळापासून वेधशाळा होती, आणि तिथे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून होत होत्या. मग मुंबईत विजेची ट्राम येणार असं ठरलं. विजेच्या तारांशेजारी सुईला पृथ्वी ऐकू येईना झाली असती. तेव्हाचे संचालक होते नानाभॉय मूस, त्या पदावरचे पहिले भारतीय. त्यांनी अलिबागला नवी वेधशाळा उभी केली, बांधकामात चुंबकाला ओढ लावणारं काही येणार नाही अशी. १९०४ मध्ये तिथे काम सुरू झालं. पण त्या दिवशी त्यांनी कुलाब्याला कुलूप लावलं नाही. दोन वर्षं, १९०६ पर्यंत, दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी चालू ठेवल्या. खाडीच्या अलीकडे एक सुई, पलीकडे एक सुई. दोन्हींतला फरक किती आणि कसा, हे पुरतं कळलं तेव्हाच जुनी बंद केली. १९०७ मध्ये ट्राम धावली. मुंबई-अलिबागची ही नोंदींची माळ अखंड राहिली, आणि जगात इतक्या लांब माळा फार थोड्या आहेत. आज ती वेधशाळा ज्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे आहे, तिचं मुख्यालय इथे नव्या पनवेललाच आहे. जाता-येता पाटी दिसते आणि मला तुझी होडी आठवते.

तू तेच कर. दोन वर्षं नको, एक हंगाम पुरे. दोन्ही यंत्रं शेजारी बांध. एखाद्या खुणेवर होडी उभी राहिली की दोन्हींचे आकडे वहीत लिही, आणि दिसत असेल तर किनाऱ्याची खूणही बघ: दिवा कुठे आहे, कनकेश्वर कुठे, कारखान्याची चिमणी कुठे. हे रोज करायची गरज नाही. जाळं टाकून वाट बघायची वेळ असतेच. जुन्या यंत्रात सेल कायम ठेव, कारण अशा यंत्रांच्या आतला छोटा सेल संपला तर पोटातलं सगळं पुसलं जाऊ शकतं.

आता ज्या गोष्टीवर बाबांचं आणि माझं जमलं नाही ती. नवं यंत्र फोनला जोडलं की खुणा इंटरनेटवर चढवू का असं विचारतं. मी ते बंद केलंय. मासळीच्या जागा घरच्या आहेत, त्या परक्या कंपनीच्या कपाटात कशाला? यावर आमचं एकमत. पण चारशे बारापैकी त्रेसष्ट खुणा मासळीच्या नाहीत, अडथळ्याच्या आहेत. खडप, अडकणारी जागा, तुटलेला खांब. त्यांची मी वेगळी फाइल केली आणि म्हटलं, ही मच्छीमार सोसायटीत देऊ, ज्याला हवी त्याने यंत्रात घ्यावी. उद्या कोणाचा नवशिका मुलगा रात्री तिथून गेला तर त्याची होडी वाचेल.

बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, वाच एकेक. मी वाचत गेले आणि ते मान हलवत गेले. सत्तावन्न खुणांना हो म्हणाले. सहांना नाही. दगडाभोवती मासा असतो, दगड सांगितला की मासाही सांगितला, असं त्यांचं म्हणणं. त्या सहा कुठल्या हे तुला वहीत पाहिल्यावर कळेल. मला ते पटलेलं नाही. दगडाने जाळं एकाचं फाडलं काय आणि दुसऱ्याचं फाडलं काय, नुकसान हजारोंचंच, आणि रात्रीच्या वेळी फक्त जाळ्यावर निभावेल याची खात्री नसते. पण मी समुद्रावर जात नाही, तू जातोस. सत्तावन्नांची फाइल पेनड्राइव्हवर आहे, ती सोसायटीत दे. सहांचं बाबांशी बोलून तू ठरव.

सगळ्या खुणांची एक प्रत माझ्या संगणकात आहे, एक आईच्या कपाटातल्या पितळी डब्यात ठेवायला पेनड्राइव्हवर, तिसरी छापून वहीच्या मागे चिकटवली आहे. हैदराबादच्या इन्कॉइसकडून मासळीच्या संभाव्य जागांचा जो मराठी संदेश येतो, त्यातली दिशा आणि अंतर नव्या यंत्रात कसं भरायचं तेही शेवटच्या पानावर लिहिलंय.

बाबांची पट्टी परवा निघाली. चष्म्याचा नंबर अजून महिन्याने. काल त्यांनी नवं यंत्र हातात घेतलं, डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं, आणि रंग फार आहेत एवढंच म्हणाले. मग स्वतःच बटणं दाबून खांदेरी शोधली. नारळी पौर्णिमेला त्यांना थळला यायचंच आहे. होडीवर नको म्हटलंय डॉक्टरांनी, पण बंदरावर उभं राहायला कोणी नको म्हटलेलं नाही.

पार्सल बुधवारी येईल. वहीचं पहिलं पान मी आखून ठेवलंय, डावीकडे जुनं यंत्र, उजवीकडे नवं, शेवटी फरक. पहिल्या ओळीत ‘थळ बंदर’ लिहिलंय. होडी पाण्यात ढकलायच्या आधी दोन्ही यंत्रं दहा मिनिटं उघड्यावर ठेव आणि ती ओळ भर. बाबा शेजारी असतील, आकडे त्यांना मोठ्याने वाचून दाखव.

तुझी
ताई